कोकण रेल्वे १:८७ : मांडवी एक्स्प्रेसमधून घेतलेली मोजमापे

घरातल्या आठ फूट लांबीच्या फळीवर कोकण रेल्वेच्या एका तुकड्याची लहान प्रतिकृती उभारण्याचे दोन वर्षांपूर्वी ठरवले, तेव्हा छायाचित्रांवरून काम भागेल अशी माझी समजूत होती. पण ती छायाचित्रे मी वातानुकूलित डब्याच्या गडद काचेतून काढली होती. त्यांत जांभ्याचा तांबडा रंग मातकट तपकिरी उतरला, आणि त्यावरून रंगवलेला सगळा डोंगर मला खरवडून काढावा लागला. म्हणून गेल्या डिसेंबरात मी भाच्याला बरोबर घेऊन शयनयान डब्यातून मुंबई ते मडगाव असा प्रवास पुन्हा केला आणि मध्ये एक रात्र रत्नागिरीला थांबलो. ज्यांना कोकणचा लोहमार्ग लहान प्रमाणात उभा करायचा आहे, त्यांच्यासाठी हा वृत्तांत आहे.

गाडी मांडवीच घ्यावी, कारण ती मुंबईहून सकाळी सातनंतर सुटते आणि पावसाळ्याखेरीज इतर दिवसांत कोकणाचा बहुतेक भाग उजेडात पार करते. पावसाळी वेळापत्रक लागू झाले, की गाड्यांचा वेग कमी होतो आणि गोव्याकडच्या खाड्या येईपर्यंत अंधार पडू शकतो. हिरवा कोकण पाहण्यासाठी श्रावणासारखा काळ नाही हे खरे. परंतु दगडाचा पोत, कापलेल्या डोंगराच्या पायऱ्या, पाणी वाहून नेणारी गटारे हे सारे त्या काळात गवताखाली झाकले जाते. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, त्या दिवशीच तिकीट काढावे. बाजूचा खालचा बर्थ मिळाला तर स्वतःची खिडकी मिळते, मात्र डबा कोणत्या तोंडाने जोडला आहे त्यावर ती खिडकी समुद्राकडे येणार की सह्याद्रीकडे, हे ठरते. दाराशी उभे राहून छायाचित्रे काढण्याचा मोह कितीही झाला तरी तो टाळावा. बोगद्याची भिंत अनपेक्षितपणे जवळ येते.

रोह्यापासून कोकण रेल्वेची हद्द सुरू होते आणि तिथून पुढे नोंदी ठेवायला लागावे. या मार्गाचा स्वभाव पहिल्या तासाभरातच कळतो. तो घाटातल्या जुन्या मार्गासारखा डोंगराला वळसे घालत नाही. डोंगर आला की बोगदा, दरी आली की पूल, असा तो जवळपास सरळ जातो. वेगवान गाड्यांसाठी आखणी करताना वळणांची त्रिज्या किमान १२५० मीटर ठेवली गेली. प्रतिकृतींच्या एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे), ही त्रिज्या चौदा मीटरांहून अधिक होते, आणि घरातल्या मांडणीत आपण वळणे देतो ती ४५ ते ६० सेंटिमीटरची. हा आकडा वहीत लिहिला तेव्हा मी खरोखर हताश झालो होतो. उत्तर मात्र मार्गानेच दिले : इथे नव्वदहून अधिक बोगदे आहेत. तेव्हा आपली सगळी घट्ट वळणे डोंगराच्या पोटात लपवावीत आणि डोळ्यांसमोर फक्त बोगदा, सरळ मार्ग, पूल आणि पुन्हा बोगदा एवढेच ठेवावे.

उक्षी स्थानक सुटल्यावर करबुड्याचा बोगदा येतो. त्याची लांबी साडेसहा किलोमीटर आहे आणि भाच्याने घड्याळ लावून मोजले तेव्हा तो पार करायला आम्हाला चार मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागला. तो १:८७ मध्ये उतरवायचा तर पंचाहत्तर मीटर लांबीचा करावा लागेल. मी त्याऐवजी वेळेचा आधार घेतला : माझ्या मांडणीत गाडी एका तोंडातून आत गेली, की मागच्या लपवलेल्या रुळावर वीस सेकंद थांबते आणि मगच दुसऱ्या तोंडातून बाहेर येते. डोंगर खोल असल्याचा भास या प्रतीक्षेतून जितका होतो तितका प्लास्टरच्या थरांतून होत नाही.

रत्नागिरीला उतरून दुपारी आम्ही रिक्षाने पानवलच्या पुलाखाली गेलो. हा पूल गाडीतून जाताना कळतच नाही, कारण तो क्षणात मागे पडतो. त्याला खालूनच पाहायला हवे. उंची ६४ मीटर, म्हणजे कुतुबमिनारापेक्षा थोडीच कमी, आणि लांबी ४२४ मीटर. वरचा काँक्रीटचा पट्टा एका टोकाला ओतून टप्प्याटप्प्याने पुढे ढकलत नेला होता, म्हणून दरीत उभा मचाण न बांधता हे काम होऊ शकले. तासभर थांबलो तेव्हा एक मालगाडी वरून गेली, आणि त्या उंच खांबांवर ती इतकी बारीक दिसली, की भाचा म्हणाला, “मामा, ही तर आपल्या फळीवरचीच गाडी!” १:८७ च्या अचूक प्रमाणात हा पूल जवळपास पाच मीटर लांब आणि ७४ सेंटिमीटर उंच होईल. माझ्या फळीवर मी तीनच खांब घेणार आहे आणि उंची निम्म्यावर आणणार आहे, पण खांबांची सडपातळ ठेवण आणि खालच्या झाडांचा बुटकेपणा यांत तडजोड करणार नाही. जागा कमी असेल त्यांनी १:१६० च्या एन प्रमाणाचा विचार जरूर करावा. त्यात हाच पूल २ मीटर ६५ सेंटिमीटरांत बसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या मांडवीने पुढे निघालो, त्यासाठी वेगळे तिकीट आधीच काढून ठेवले होते. इथे मार्ग एकेरी असल्याने क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी, गाडी एखाद्या लहान स्थानकावर थांबते. प्रवासी या थांब्यांना कंटाळतात, परंतु बाजूचा लूप (गाडी थांबवण्याचा जोडरूळ), सिग्नलची जागा, जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती हे सारे निवांत टिपायला याहून चांगली वेळ मिळत नाही. अशाच एका थांब्यावर समोरून रो-रो गाडी गेली. सपाट वाघिणींवर ओळीने उभे केलेले मालट्रक हे या मार्गाचे १९९९ पासूनचे वैशिष्ट्य आहे आणि प्रतिकृतीसाठी त्याहून बोलके दृश्य सुचत नाही. कोणत्या वर्षाचा मार्ग दाखवायचा हेही आधीच ठरवावे. विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले, त्यामुळे डिझेल इंजिनांचा सुरुवातीचा काळ दाखवायचा असेल तर खांब आणि तारा उभारू नयेत.

आणखी एक अडचण आधीच सांगितलेली बरी. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची आहे, म्हणजे १:८७ मध्ये रुळांतले अंतर १९.३ मिलिमीटर हवे; बाजारात मिळणारे एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. मी हा फरक स्वीकारला आहे, कारण गाडी रुळावर असताना नजर डब्याच्या रंगावर आणि मागच्या डोंगरावर जाते.

फळी कापण्यापूर्वी पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे १९९८ पासून चालू असलेले लघुरेल्वे संग्रहालय पाहून यावे. तिथली एचओ प्रमाणातली मांडणी चालताना पाहिली, की नियंत्रण आणि सिग्नल यांबद्दलचे अनेक प्रश्न सुटतात. मडगावला पोहोचण्यापूर्वी करमळीनंतर जुवारीचा लांब पूल येतो, तेव्हा वही बंद करून उजव्या खिडकीशी बसावे. परतताना रत्नागिरीच्या एका आप्तांच्या परड्यातून मी दोन मुठी जांभ्याची माती मागून आणली. ती चाळून, उन्हात वाळवून पातळ डिंकावर भुरभुरली, तेव्हा डोंगराला पहिल्यांदा खरा रंग आला.