थकीत टोलचा मेसेज आला? आधी क्रियापद बघा

"तुमच्या एमएच ४९ वाहनाचा ९५ रुपये टोल थकीत आहे. आज रात्री १२ पर्यंत न भरल्यास दंड लागेल व फास्टॅग बंद होईल." पुढे गाडीचा पूर्ण नंबर, खाली निळी लिंक. नंबर आपलाच असतो, म्हणून मेसेज खरा वाटतो. पण गाडीचा नंबर काही गुपित नाही, तो पाटीवरच लिहिलेला आहे. आणि त्याला मोबाइल नंबर जोडून विमा, सर्व्हिसिंग, पार्किंग अशा ठिकाणी आपणच देत आलोय. नागपूरचा एमएच ३१ असो, ४० असो की ४९, नंबर बरोबर आहे यावरून काहीच सिद्ध होत नाही.

खरा मेसेज ओळखायची एक सोपी खूण आहे, त्यातलं क्रियापद. टोलबद्दलचा फास्टॅगचा मेसेज झालेलं सांगतो: अमुक टोल नाक्यावर, अमुक वेळेला, इतके रुपये कापले, इतके शिल्लक. खोटा मेसेज करायला सांगतो: भरा, लगेच भरा, इथे क्लिक करा. खरा मेसेज कधी कधी काही तासांनी येतो, पण तोही 'कापले' असंच म्हणतो.

असं का, हे टोलच्या पद्धतीतून कळतं. नागपूरजवळच्या बोरखेडी, गोंडखैरी किंवा माथनीच्या नाक्यावर टॅग वाचला जातो आणि पैसे तुमच्या फास्टॅग खात्यातून कापले जातात. शिल्लक नसेल तर हिशेब सहसा तिथेच होतो. १५ नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट द्यावे लागतात, म्हणजे १०० रुपयांच्या टोलला १२५. टॅग चांगला आहे, पैसे आहेत, पण नाक्याचंच यंत्र बिघडलंय, तर शून्य रकमेची पावती घेऊन फुकट जायचा हक्क आहे. समृद्धी महामार्गावर नागपूरच्या टोकाला, शिवमडक्याला चढताना नोंद होते आणि उतरताना अंतराप्रमाणे टोल कापला जातो. उतरलात म्हणजे हिशेब संपला.

स्कूटर किंवा मोटरसायकलच्या नंबरावर असा मेसेज आला तर पुढे वाचायचीही गरज नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या टोल नाक्यांवर दुचाकीला टोल लागत नाही, आणि समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही.

मात्र 'टोल कधी थकतच नाही' असं सरसकट म्हणून चालणार नाही. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम बदलले. राष्ट्रीय महामार्गाचा टोल थकला असेल तर गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) किंवा फिटनेसचं नूतनीकरण आता अडू शकतं. थकबाकी हा शब्द नियमातच आल्यामुळे ठगांचा मेसेज आणखी पटण्यासारखा झाला आहे. म्हणून शंका आली तर तपासा जरूर, पण आपल्या बाजूने. ज्या बँकेचा फास्टॅग आहे तिच्या ॲपमध्ये व्यवहारांची यादी उघडा, किंवा महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ या हेल्पलाइनला फोन लावा. मेसेजमधली लिंक आणि मेसेजमधला नंबर दोन्ही सोडून द्या. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथेही ठगांनी आपले नंबर पेरलेले असतात. बँकेचा नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा.

लिंक वाचायची झाली तर न दाबता वाचा. 'एचटीटीपीएस'ला लागून असलेले दोन तिरके दंड (//) सोडा, त्यानंतरचा पहिला तिरका दंड (/) शोधा आणि त्याच्या लगेच आधी काय आहे ते बघा. सरकारी साइट असेल तर तिथे 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असतं. ठग 'परिवहन-गव्ह-इन' असं डॅशने जोडून पुढे 'डॉट एक्सवायझेड' किंवा 'डॉट टॉप' लावतात. डोळा सुरुवातीचं 'परिवहन' वाचतो आणि पुढचं सोडून देतो. खरा पत्ता त्या तिरक्या दंडाच्या लगेच आधी असतो. कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ते ठगांच्या साइटवरही असतं.

पाठवणाराही बघा. संस्थेचा एसएमएस अक्षरांच्या नावाने येतो आणि शेवटी डॅश लावून एक अक्षर असतं: सरकारीला जी, सेवेला एस, व्यवहाराला टी, जाहिरातीला पी. टोलची मागणी दहा आकडी मोबाइलवरून किंवा परदेशी कोडच्या नंबरावरून आली तर ती खोटीच.

९५ रुपयांसाठी एवढा खटाटोप कोण करेल, हा प्रश्न रास्त आहे. त्यांना ९५ रुपये नकोच असतात. रक्कम मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे आपण विचार न करता भरू. लिंकमधून उघडणाऱ्या पानावर बऱ्याचदा यूपीआय 'तात्पुरतं बंद' असतं आणि फक्त कार्ड चालतं. कार्डाचा नंबर, मुदत, सीव्हीव्ही आणि ओटीपी एकदा दिला की पुढचा व्यवहार ९५ चा नसतो.

व्हॉट्सॲपवरचा प्रकार याहून घातक आहे. 'आरटीओ चलान' नावाची फाइल येते आणि तिच्या शेवटी 'डॉट एपीके' असतं. म्हणजे ते चलान नाही, ॲप आहे. कोणतंही सरकारी खातं चलान ॲपच्या रूपात पाठवत नाही. ती फाइल अनेकदा ओळखीच्याच माणसाकडून येते, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. उघडली की फोन विचारतो, अनोळखी स्रोताकडून इन्स्टॉल करू द्यायचं का? मग एसएमएस वाचायची परवानगी, मग ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे स्क्रीन वाचायची आणि फोन चालवायची मुभा. या दोन परवानग्या दिल्या की ओटीपी तुमच्या आधी त्यांच्याकडे पोहोचतो. खरं चलान बघायचं असेल तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. तिथे गाडीच्या नंबरासोबत चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात.

फास्टॅगच्या वार्षिक पासच्या नावानेही असंच चालतं. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेला हा पास राजमार्गयात्रा ॲपवर आणि महामार्ग प्राधिकरणाच्या साइटवरच मिळतो. तो समृद्धीवर चालत नाही. 'समृद्धीसह सगळीकडे' असं कुणी विकत असेल तर तो ठगच.

फाइल उघडली गेलीच असेल तर आधी वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा, सिम काढा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग थांबवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. रक्कम, वेळ आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकवले जातात आणि मधेच गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं ठरलं होतं की ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणूनच तो तक्रार क्रमांक आणि त्यावरची वेळ इतकी महत्त्वाची.

ॲप काढताना नुसतं आयकॉन दाबून भागत नाही, कारण बऱ्याचदा ते लपतं. सेटिंग्जमध्ये आधी ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनची परवानगी काढा, मग ॲप्सच्या यादीतून अनइन्स्टॉल करा. तरी निघत नसेल तर फोटो वेगळे काढून फॅक्टरी रीसेट करा. सिम परत टाकल्यावर ##००२# डायल करा, म्हणजे कुणी कॉल फॉरवर्ड करून ठेवले असतील तर ते बंद होतील. व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये अनोळखी नोंद दिसली तर ती काढून टाका. पासवर्ड मात्र दुसऱ्या स्वच्छ फोनवरूनच बदला.

पैसे गेले नसतील तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू'मध्ये मेसेजची तक्रार नोंदवा आणि नंबर ब्लॉक करा. घरच्या ग्रुपवर सावध करायचं असेल तर स्क्रीनशॉट टाका. मूळ मेसेज पुढे पाठवला की लिंकही सोबत जाते, आणि वरची सूचना न वाचता ती दाबणारं कुणीतरी प्रत्येक ग्रुपमध्ये असतं.