रथसप्तमीचा मेळावा आणि दोन पातेली आंबील

आमच्या मंडळाचा वार्षिक मेळावा माघ शुद्ध सप्तमीला शाळेच्या पटांगणावर भरतो. दीपप्रज्वलन, स्वागत, अहवाल दहा मिनिटांत उरकतो. सकाळच्या थंडीत आलेल्यांना लांबलचक भाषणं नकोच असतात.

मेळाव्याचा जीव म्हणजे ज्येष्ठ महिलांचे खुर्चीवरचे सूर्यनमस्कार. तीन आठवडे आधी सराव सुरू होतो. नव्यांनी तीनापासून सुरुवात करायची, हळूहळू बारांवर जायचं. खुर्ची लाकडी किंवा लोखंडीच हवी, तिची पाठ भिंतीला टेकलेली. प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, मातीत कोणतीही कलते, म्हणून हा कार्यक्रम व्हरांड्यात. तळवे बैठकीवर ठेवून एकेक पाय मागे न्यायचा. दोन्ही एकदम टाकले की कंबरेत उसण भरते. रक्तदाबवाल्यांनी डोकं फार खाली घालायचं नाही, उठताना घाई करायची नाही. मित्र, रवी, सूर्य, भानू ही नावं मोठ्यानेच म्हणायची, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. नंतर त्यांच्यातली एखादी माइकपाशी येते आणि आता खाली बसून भाजी निवडता येते एवढंच सांगते. त्या दोन वाक्यांना दरवर्षी डोळे भरून येतात.

मग आंबील. वडा-समोसा बंद केला तेव्हा बरीच कुरकुर झाली होती. आता पातेल्याचा तळ दिसेपर्यंत रांग हटत नाही. एक किलो नाचणीच्या पिठाला दहा लिटर पाणी आणि चार लिटर ताक. साधारण सत्तर पेले होतात. पीठ रात्रीच थोड्या गार पाण्यात कालवून ठेवायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात पडलं की गुठळ्या होतात, त्या मग फुटत नाहीत. मंद आचेवर सतत ढवळायचं, कोमट झाल्यावरच ताक घालायचं, नाहीतर ते फाटतं. वर ठेचलेला लसूण, जिरं, बेतानं मीठ.

एक सल आहे. काही पालक मुलांना फाटकाशी सोडून जातात आणि नेमके आंबिलीच्या वेळी उगवतात. मुलं आईबापांना व्यायाम करताना बघतील तरच घरी करतील.

निवृत्त पी.टी. सर, नाचणी दळून देणारे गिरणीवाले, पातेली देणारे केटरर, रक्तदाब मोजणाऱ्या परिचारिका, पहाटे ढवळायला उभ्या राहणाऱ्या बचत गटाच्या ताई, माइकवाला, सतरंज्या झटकणारी नववीची मुलं, या सगळ्यांचे आभार. शाळेचे शिपाईकाकाही, जे पहाटे पाचला कुलूप काढतात. आणि पेले विसळणाऱ्या दोघी मावशी. त्यांचं नाव दर अहवालात राहून जातं, यंदा पहिल्या पानावर घ्यायचं ठरलंय.