तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी वेगवेगळी स्मारकं कशाला?

बर्लिनला आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा हे विचारतोच, हिटलरच्या नाझी राजवटीने मारलेल्यांच्या स्मारकांबद्दल. मे-जून म्हणजे पाहुण्यांचा सीझन, मी सगळ्यांना एक ठरलेली पायी चक्कर मारून आणते आणि तिसऱ्या थांब्याच्या आसपास कुणीतरी पोटऱ्या चोळत म्हणतंच, "अगं, मारलं तर सगळ्यांना एकाच माणसाने ना, मग एकच मोठं स्मारक बांधायचं की!" मागच्या वर्षी मावशीने विचारलं तेव्हा मला धड सांगता आलं नाही, म्हणून आता निवांत लिहितेय.

चक्कर सुरू होते फिलहार्मोनी या संगीत सभागृहाच्या बाहेर, टिअरगार्टनस्ट्रासे ४ या पत्त्यावर. तिथे पूर्वी बंगला होता, आता नुसती २४ मीटर लांब निळी काच उभी आहे, फोटो कुठून काढायचा तेच लोकांना कळत नाही. त्या बंगल्यात ऑफिस चालायचं. देशभरच्या मनोरुग्णालयांमधून आणि अपंगांच्या संस्थांमधून फॉर्म भरून मागवायचे, आजार काय, किती वर्षं इथे आहे, काय काम जमतं, भेटायला कोण येतं का. मग डॉक्टर तो फॉर्म वाचायचे, पेशंटचं तोंडही न बघता, आणि चौकटीत लाल पेन्सिलीने अधिक किंवा निळ्याने वजा करायचे. लाल अधिक म्हणजे मारायचं. राखाडी बस यायची, गॅसच्या खोल्या असलेल्या सहा जागा होत्या, आणि घरी खोट्या आजाराचं पत्र जायचं, कधी तर अपेंडिक्सने गेला म्हणून कळवायचे आणि त्याचं अपेंडिक्स आधीच काढलेलं असायचं. ऑगस्ट १९४१ पर्यंत ७०,२७३ माणसं. आकडा इतका नेमका, कारण तो त्यांनीच मोजून ठेवलाय, वर हिशोबही मांडलाय की ही माणसं नसल्याने दहा वर्षांत किती ब्रेड, किती बटाटे, किती जॅम वाचेल. जॅम हो! मी दरवेळी तिथेच अडकते. पुढे हे अधिकृतपणे थांबवलं, म्हणजे गॅस थांबवला, इंजेक्शनं आणि उपाशी ठेवणं युद्ध संपेपर्यंत चालूच होतं.

मावशी म्हणाली, फिट येणारे पण? हो, फॉर्मवरच्या आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनियाच्या खाली लगेच फिट्सच. आमच्या नानामामाला फिट यायची, त्याने जन्मभर पिठाची गिरणी चालवली. मी म्हटलं, तो घरी होता ना, घरी राहणाऱ्यांसाठी वेगळं, १९३३ चा नसबंदीचा कायदा, साधारण ४ लाख लोकांची केली. मावशी काही बोलली नाही, पर्समधून पाण्याची बाटली काढून प्यायली.

तर उत्तराचा पहिला भाग इथेच आहे. प्रत्येकाला धरायचं खातं वेगळं, कायदा वेगळा, फॉर्म वेगळा. ज्यूंना तर युरोपच्या कानाकोपऱ्यातून शोधून काढलं, रोड्ससारख्या लांबच्या बेटावरूनसुद्धा १९४४ साली, युद्ध हरत असताना, बोटीत घालून नेलं. सुमारे ६० लाख. त्यांचे ते २,७११ काँक्रीटचे ठोकळे तुम्ही फोटोत पाहिलेच असतील, २००५ साली झालं.

दुसरा भाग रस्ता ओलांडला की. झाडांत एक तिरका काँक्रीटचा ठोकळा आहे, त्याला छोटी खिडकी, आत डोकावलं की चुंबन घेणाऱ्या जोडप्याची फिल्म दिसते. (काका लोक इथे हमखास घड्याळात बघतात.) हे समलिंगी लोकांचं, २००८ चं. नाझींच्या छळछावणीत अशा पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण असायचा. पण पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरवणारं, नाझींनी १९३५ मध्ये कडक केलेलं कलम १७५ पश्चिम जर्मनीने तसंच्या तसं १९६९ पर्यंत ठेवलं! म्हणजे नाझी गेले तरी हे गुन्हेगारच, मग स्मारक मागायला येणार कोण, आणि कुठल्या तोंडाने?

सिंती आणि रोमा, म्हणजे ज्यांना लोक जिप्सी म्हणायचे, त्यांचं तेच. बर्लिन ऑलिम्पिकच्या आधी १९३६ मध्ये शहरातल्या रोमांना उचलून मार्त्सानला, मैला सोडायच्या शेताशेजारी नेऊन टाकलं, पुढे आउश्वित्झच्या मृत्यूछावणीत. तिथली त्यांची छावणी २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री रिकामी केली, चार हजारांहून जास्त बायका-पोरं-म्हातारी गॅसमध्ये. आणि १९५६ ला जर्मन सुप्रीम कोर्ट काय म्हणालं, तर १९४३ च्या आधीचं जे झालं ते वंशामुळे नाही, ते गुन्हेगारी रोखण्यासाठी होतं, सबब भरपाई नाही. मावशी सोलापूरची, इंग्रजांनी 'गुन्हेगार जमाती' ठरवलेल्यांना तारेच्या कुंपणात ठेवायची ती सेटलमेंट तिला माहीत आहे, ती पटकन म्हणाली, "म्हणजे पारध्यांसारखंच, जन्मतःच चोर." सरकारने वंशहत्या म्हणून मान्य करायला १९८२ उजाडलं, स्मारकाला २०१२. निळी काच तर २०१४ ची. स्मारकं वेगवेगळी आहेत कारण माफी हप्त्याहप्त्याने आलीय, ज्यांच्याबद्दल शेजारपाजाऱ्यांचं मत आधीही वाईट होतं आणि नंतरही बदललं नाही, त्यांचा हप्ता सगळ्यात उशिरा. छावणीत काळा त्रिकोण लावलेले, 'समाजाला नको असलेले' म्हणजे बेघर, भिकारी, वेश्या, त्यांना संसदेने २०२० मध्ये बळी मानलं. त्यांच्यासाठी माझ्या चक्करमध्ये थांबा नाही. उपाशी ठेवून, गोळ्या घालून मारलेल्या सोव्हिएत युद्धकैद्यांसाठीही नाही, तेही ३० लाखांच्या वर.

रोमांचं स्मारक म्हणजे संसदेच्या बाजूला एक गोल काळं तळं. आम्ही काठावर टेकलो, मी मावशीला त्यांच्या भाषेतले शब्द सांगितले, पानी, नाक, कान, मनुष. हजारेक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज आपल्याकडूनच गेले ना. ती आकडे विचारायला लागली, मी सांगितलं, पाचला पांज, दहाला देश. तळ्याच्या मधोमध एक त्रिकोणी दगड आहे, तो रोज खाली जातो आणि ताजं फूल घेऊन वर येतो. आम्ही गेलो तेव्हा वर आलेलाच होता. मावशी म्हणाली, खाली फूल ठेवायला माणूस असतो का गं? असतो म्हटलं.