पुण्यात फेसलिफ्ट करून साताऱ्याला परतणाऱ्यांसाठी

फेसलिफ्टचं, म्हणजे चेहऱ्या-मानेची सैल कातडी ओढून बसवायचं ऑपरेशन झाल्यावर लगेच पुण्याहून साताऱ्याला निघा, असं कोणी सुचवलं तर तोंडावर नाही म्हणा. मला हॉस्पिटलच्या काउन्सेलरनं सांगितलं होतं, "दोन-अडीच तासांचा तर रस्ता, घरी जाऊन आराम करा ना ताई." डोक्याभोवती घट्ट पट्टी, कानामागे टाके, चेहरा फुगलेला. खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंतच मान ताठून गेली. खंबाटकी चढताना तर प्रत्येक वळणाला मी दोन्ही हातांनी उशी धरून बसले होते. वेळे गावापाशी मी गाडी बाजूला घ्यायला लावली. हे पाण्याची बाटली पुढे करत होते आणि मला ओठही नीट मिटता येत नव्हते.

दुखणं सोसता येतं, प्रश्न त्याचा नाही. फेसलिफ्टनंतरचा नेहमीचा धोका म्हणजे त्वचेखाली रक्त साकळणं, आणि ते बहुतेक वेळा पहिल्या 24 तासांत होतं. एकाच बाजूला एकाएकी सूज आली, ठणका लागला, तर ताबडतोब पुन्हा थिएटरमध्ये नेऊन रक्त काढावं लागतं. अशा वेळी तुमच्यात आणि सर्जनमध्ये घाट नको. ब्लड प्रेशर असणाऱ्यांना आणि पुरुषांना हा धोका जास्त. टाके साधारण 5 ते 10 दिवसांत निघतात, तोवर पुण्यात नातेवाइकांकडे राहा. नातेवाईक नसतील तर खोली घ्या, पण राहा.

दुसरी चीड बिलाची. 'पॅकेज' म्हणून सांगितलेल्या आकड्यात भूलतज्ज्ञाची फी नव्हती, तपासण्या नव्हत्या, चेहऱ्याला बांधायचा दाबपट्टाही नव्हता. वर जीएसटी, कारण निव्वळ सौंदर्यासाठीच्या सर्जरीला आरोग्यसेवेची सूट मिळत नाही. मेडिक्लेमही मिळत नाही. पैसे भरण्याआधी सगळं कागदावर लिहून मागा. द्यायला टाळाटाळ करतील तिथून उठा. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे ना, तेही विचारा. त्वचेच्या क्रीमचे कोर्स करून कोणी फेसलिफ्टचा सर्जन होत नाही.

ऑपरेशन काही तासांचं. कानाच्या पुढून-मागून आणि केसांच्या रेषेत चीर घेतात, त्वचेखालचा स्मास नावाचा थर ओढून बसवतात, जास्तीची त्वचा कापतात. त्यानं जबड्याची आणि मानेची सैल कातडी सुधारते. पापण्या आणि कपाळावरच्या आठ्या यात येत नाहीत.

आता घरचं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि नेमकं तेव्हाच माणूस आरसा मागतो. मीही मागितला आणि ढसाढसा रडले. काळे-निळे डाग मानेवर उतरतात, पिवळे पडतात, दोनेक आठवड्यांत बरेच ओसरतात. डोकं उंच ठेवून पाठीवर झोपा, खाली वाकू नका, पाण्याची कळशी उचलू नका. भाकरी चावायचं नाव काढू नका. मुगाची खिचडी, गुरगुट्या भात बरा. कान आणि गाल महिनोन्‌महिने बधिर राहू शकतात. कुडी घालताना तिची तार पाळीला लागतेय की नाही, हेच मला कळेना, शेवटी जाऊबाईंनी घालून दिली. म्हणून हेअर ड्रायर आणि कढत पाणी लांब ठेवा, भाजलेलंही कळणार नाही.

मिश्री, तंबाखू, सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद हवी, नंतरही तितकीच. निकोटिननं त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि कानामागची कातडी काळी पडून मरू शकते. आपल्याकडच्या बायका मिश्रीला व्यसन धरतच नाहीत, डॉक्टरांनी विचारलं तरी सांगत नाहीत. सांगा! रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र परस्पर थांबवू नका, ते डॉक्टरांना ठरवू दे.

मला आता जबड्याची रेषा दिसते, गळ्यात ठुशी शोभते, मी जाम खूश आहे. कोणी विचारलं तर करा म्हणेन. पण घरात लग्न असेल तर त्याच्या दोन-तीन महिने आधी उरका, आणि अजिंक्यताऱ्याची चढण सर्जन हो म्हणेपर्यंत, म्हणजे महिनाभर तरी, बंद ठेवा.