खाजनातला: खालचा जबडा एकदाचा सुटला

मंडळी, खाजनातल्याचा, म्हणजे गोव्यातल्या खाडीकाठच्या खाजन जमिनीतला जो राक्षस मी अंगात घालायच्या पोशाखासारखा बनवतोय त्याचा, खालचा जबडा साच्यातून अखंड निघाला! कल्ल्यांच्या पाकळ्या, हनुवटीखालची चामखीळ, सगळं शाबूत. मागच्या फोटोंतल्या चिंध्या पाहून ज्यांनी लेटेक्स सोडून सिलिकॉनवर जा म्हणून सांगितलं, त्यांच्यासाठी हे सविस्तर.

लेटेक्स, म्हणजे रबराचा पातळ चीक, उत्तमच होतं, घोडं अडलं होतं प्लास्टरच्या साच्यापाशी. प्लास्टर पाणी शोषतं म्हणून तर लेटेक्सचा थर भिंतीला धरतो. म्हापशात जुलैमध्ये हवा इतकी दमट, की साचा वरून खणखणीत वाळलेला वाटतो आणि पोटात ओल तशीच. मग कल्ल्यांसारख्या खोल, अरुंद जागी थर धरतच नाही. वर रबर, आत दूध. ओढलं की फाटलंच. लेटेक्स साच्यात जास्त वेळ ठेवून पाहिलं, पातळ हात एकावर एक देऊन पाहिले, पंखा लावून पाहिला. पंखा तीच दमट हवा फिरवतो.

उपाय सापडला वजनकाट्यावर. जुन्या लाकडी कपाटात पिवळा बल्ब, खाली छोटा पंखा, वर हवा जायला भोकं. साचा रोज सकाळी काट्यावर ठेवायचा. वजन उतरायचं थांबलं की साचा वाळला, त्याआधी नाही. ऊब ४५ अंशांच्या वर नेऊ नका. फार तापलं तर जिप्समच्या स्फटिकांतलं पाणीही उडतं आणि साचा भुसभुशीत होतो.

टाल्कम मारत मारत कातडी सोलत गेलो. शेवटची पाकळी ‘पुच्’ करून सुटली, उजेडात धरली, तर सुईने कोरलेली शीर न् शीर उमटलेली. बराच वेळ नुसता बघत बसलो.

लेटेक्स केरळातून मागवा, ६० टक्के रबराचं, अमोनियावालं, कॅनमधलं. हस्तकलेच्या छोट्या बाटल्या महाग पडतात. आणि आत तांब्याची तार चुकूनही नको, तांबं रबर खातं.

सिलिकॉन नको, कारण मला राक्षसाच्या आत दमणारा माणूस हवा आणि सिलिकॉनचा अख्खा पोशाख जड होतो. १९५४च्या ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’मध्ये रिकू ब्राउनिंग पाठीवर टाकी न लावता, श्वास रोखून पोहला, तो कल्लेवाला राक्षस, गिलमॅन, माझा सर्वांत लाडका. त्याचं रूप घडवणाऱ्या मिलिसेंट पॅट्रिकचं नाव श्रेयनामावलीत नव्हतं, याचा मला अजून राग येतो. त्याच वर्षीच्या ‘गोजिरा’त (म्हणजे गॉडझिला) पोशाखातला हारुओ नाकाजिमा पाऊल टाकतो तेव्हा ओझं दिसतं. संगणकावरचे राक्षस इमारती पाडतात, पण त्यांचा पाय जमिनीला लागल्यासारखा मला वाटत नाही.

आणि हे लिहितानाच सुचलं: गोजिराच्या पोशाखाला आतून बांबू आणि तारेचा आधार होता. मग माझ्या खाजनातल्याची पाठ फोम लेटेक्सची कशाला? आमच्या वाड्यावरची पोरं दरवर्षी बांबू, तार, गवत, कागद घेऊन माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचा नरकासुर उभा करतात! कामट्यांचा सांगाडा, वर लेटेक्सची पातळ साल. वजनही उतरेल. फोम लेटेक्स भाजायच्या भट्टीचा बेत रद्द. (देवचाराचा मुखवटा कर म्हणणाऱ्यांना परत सांगतो, तो राखणदार आहे, त्याला मी हात लावणार नाही.)

दिवाळीआधी पोरं सांगाडा बांधायला घेतील, तेव्हा त्यांच्यात जाऊन बसणार आहे. तोवर वरचा जबडा कपाटात. कालही त्याचं वजन उतरतच होतं. कामट्यांवर लेटेक्स धरायला खाली गोणपाट लावावं की मच्छरदाणीची जाळी? कुणी करून पाहिलं असेल तर फोटो टाका.