सासूबाईंच्या टीव्हीला अ‍ॅम्प्लिफायर

"अगं, हे लोक कुजबुजतायत की मलाच ऐकू येत नाहीये?" सासूबाईंचा हा प्रश्न रोज रात्री साडेआठला यायचा, मग आवाज ४० वर जायचा आणि नेमकी तेव्हाच जाहिरात लागायची, की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला सुरुवात. कान तपासून आणले, डॉक्टर म्हणाले वयाच्या मानाने छान आहेत. मग एके दिवशी मीच त्यांच्या पलंगावर बसून अर्धा तास मालिका बघितली (हे प्रेम आहे, नोंद घ्यावी) आणि लक्षात आलं की मलाही कळत नाहीये. बेडरूममधला ३२ इंची टीव्ही, भिंतीला चिकटवलेला, स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून. म्हणजे ती माणसं आपल्याशी बोलतच नाहीत, खालच्या ड्रॉवरशी बोलतात. वर पार्श्वसंगीत इतकं की सुनेने नुसता चहाचा कप ठेवला तरी ढोल वाजतात.

नवरा म्हणाला साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) घे आणि मिटव. खरं सांगायचं तर घरात काहीच नसेल तर तेच करा, पुढचं वाचू पण नका. पण आमच्या माळ्यावर सासऱ्यांनी हौसेने घेतलेले सोनोडाइनचे दोन बुकशेल्फ स्पीकर जुन्या चादरीत गुंडाळून पडलेले, त्यांना ताकद देणारा अ‍ॅम्प केव्हाच गेला आणि स्पीकर मात्र ठणठणीत. पेन्सिल सेलला वायर लावून टेकवली की स्पीकरचा मधला पडदा टक्क करून पुढे येतो, म्हणजे जिवंत. आणि मी पडले इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची डिप्लोमावाली, मला नुसता साउंडबार घेऊन झोप लागणार होती का.

तर शोध सुरू. आधी पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत गेले. दुकानदार म्हणे, "ताई, हा घ्या, दोनशे वॅट, बेडरूम हलेल." मला बेडरूम हलवायची नाहीये, मला संवाद ऐकायचेत. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर ते "२००० वॅट पीएमपीओ" असा फुगवलेला आकडा लिहिलेला असायचा ना, तेच खूळ आता चिनी मिनी अ‍ॅम्पवर आलंय. त्या डबीसोबत अडॅप्टर होता १२ व्होल्ट २ अ‍ॅम्पियरचा. म्हणजे भिंतीतूनच सगळे मिळून २४ वॅट येणार, त्यातून दोनशे काढायला डबीत काय विहीर आहे का!

घरी करता येईल असा साधा हिशोब सांगते. या छोट्या क्लास डी (चिप झपाट्याने चालू-बंद करून आवाज मोठा करणाऱ्या) अ‍ॅम्पमध्ये अडॅप्टरच्या व्होल्टचा वर्ग करायचा आणि स्पीकरच्या ओहमच्या (मागे लिहिलेला रोधाचा आकडा) दुपटीने भागायचं, की एका चॅनेलला स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त किती वॅट मिळतील ते साधारण कळतं. आमचे स्पीकर ८ ओहमचे. १२ व्होल्टला ९ वॅट, १९ व्होल्टच्या लॅपटॉप अडॅप्टरला साडेबावीस, २४ व्होल्टला ३६. बस. खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा ४ ओहमला आणि १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेला असतो, म्हणजे आवाज फाटायला लागल्यावरचा. टीपीए३११६ ही चिप या डब्यांमध्ये सगळीकडे असते, तिच्या डेटाशीटमधला (कंपनीच्या माहितीपत्रकातला) तो प्रसिद्ध ५० वॅटचा आकडासुद्धा २१ व्होल्ट, ४ ओहम आणि १० टक्के असाच आहे.

आणि ९ वॅट पण खूप झाले हो. असे स्पीकर साधारण ८६-८८ डेसिबलचे असतात, म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर तेवढा आवाज. पलंग अडीच-तीन मीटरवर, दोन स्पीकर, भिंती, पडदे सगळं धरून १ वॅटला उशीपाशी ८० च्या आसपास पोचतो. माणूस समोर बसून बोलतो तो ६० चा. मधला फरक २० डेसिबल, आणि २० डेसिबल म्हणजे वॅटमध्ये शंभरपट. म्हणजे रात्री मालिका ऐकायला वॅटचा शंभरावा भाग! ढोल वाजले तर घ्या, एक वॅट. त्यामुळे वॅटचा विषय माझ्यापुरता तिथेच संपला.

खरा प्रश्न वेगळाच निघाला, आणि तो म्हणजे रिमोट. सासूबाईंच्या उशाशी आधीच दोन रिमोट, टीव्हीचा आणि सेटटॉप बॉक्सचा, तिसरा आला की त्यांनी तो चष्म्याच्या डबीत ठेवून विसरायचा हे ठरलेलं. मोबाइलची टॉर्च धरून टीव्हीच्या मागे बघितलं तर ऑप्टिकल (प्रकाशाच्या वायरीने डिजिटल आवाज बाहेर देणारं भोक) आहे, हेडफोनचं भोक आहे आणि एका एचडीएमआयवर बारीक अक्षरात एआरसी लिहिलंय. ऑप्टिकलची गंमत अशी की बहुतेक टीव्ही त्यातून ठरावीक लेव्हलचाच आवाज बाहेर सोडतात, टीव्हीच्या रिमोटने कमीजास्त होत नाही, अ‍ॅम्पचा रिमोट लागतो. एआरसीमध्ये, म्हणजे एचडीएमआयच्याच वायरीने टीव्हीचा आवाज बाहेर काढायच्या सोयीत, टीव्हीचा रिमोटच अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम हलवतो, सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या डब्यांनी एकमेकांचे हुकूम ऐकायची सोय) चालू असेल तर. विम अ‍ॅम्पसारख्या डब्यांमध्ये हे आहे, पण ते या ३२ इंची टीव्हीपेक्षा महाग, म्हणजे घोड्यापेक्षा नाल भारी. ब्लूटूथ मी विचारातच घेतलं नाही, ओठ हलतात आधी आणि आवाज येतो मागून, आणि जिला संवाद समजून घ्यायला ओठ बघायला लागतात त्या बाईला हे देणं म्हणजे छळ आहे.

तरी पहिला घेतला तो ऑप्टिकलवालाच, मोह दुसरं काय. लावला, आवाजच नाही. टीव्ही डॉल्बी, म्हणजे दाबून बांधलेला आवाज पाठवत होता आणि या छोट्या डब्यांना बहुतेक वेळा फक्त पीसीएम, म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज कळतो, टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट पीसीएम केलं आणि लागला. आवाज सुरेख, मी खूश, सासूबाई खूश. दुसऱ्या दिवशी परत मुका. का, तर आमच्या घरी झोपताना टीव्ही रिमोटने नाही, बोर्डावरच्या बटणाने बंद होतो. लाइट आली की टीव्ही आपोआप चालू होतो पण हा अ‍ॅम्प मात्र स्टँडबायमध्ये, त्याच्या रिमोटचं बटण दाबल्याशिवाय उठणार नाही. चार दिवस मी रोज संध्याकाळी ऑफिसमधून फोनवर "आई, तो छोटा रिमोट, गोल बटण, नाही तो एसीचा" असं केलं आणि पाचव्या दिवशी परत पाठवला. हा मुद्दा मला एकाही रिव्ह्यूत सापडला नव्हता. ते लोक बहुतेक बोर्डावरून बटण बंद करत नसावेत!

मग दुसरा आणला, एकदम साधा. टीपीए३११६ वालाच, पुढे तीन नॉब, व्हॉल्यूम, बास, ट्रेबल, आणि व्हॉल्यूमच्या नॉबलाच कट्ट करून ऑन-ऑफ, जुन्या ट्रान्झिस्टरसारखं. म्हणजे नॉब चालूच ठेवला की बोर्डावरून लाइट आली की हाही चालू. इनपुट टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून, एका टोकाला साडेतीन एमएमची पिन आणि दुसऱ्याला लाल-पांढऱ्या आरसीए पिना. हेडफोनचा आवाज टीव्हीच्या रिमोटनेच कमीजास्त होतो. डिजिटल शुद्धतावादी लोक नाकं मुरडतील तर मुरडोत, मालिकेतल्या सासूचे टोमणे ऐकायला हे भरपूर आहे.

आता झाला तो घोळ सांगते, कारण तुमच्याही घरी होऊ शकतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी फर्निचर करताना इलेक्ट्रिशियनने स्पीकरच्या वायरी कन्सील करून घेतल्या होत्या. मी म्हणलं वा, आयतं आहे. जोडलं आणि अ‍ॅम्प चालू केला की एक सेकंद आवाज, टप्प, बंद. परत चालू, परत टप्प. भिंतीतली प्लेट उघडली तर चारऐवजी तीनच वायरी! लाल डावा, पिवळा उजवा आणि एक काळी दोघांना मिळून. जुन्या अ‍ॅम्पला ते चालायचं कारण त्याचे दोन्ही मायनस आत एकच, ग्राउंडला असायचे. या नव्या क्लास डीमध्ये मायनसला पण सिग्नल असतो, ब्रिज म्हणतात त्याला, डाव्याचा मायनस उजव्याच्या मायनसला भिडला की दोन आउटपुट एकमेकांशी भांडतात आणि चिप स्वतःला वाचवायला बंद होते. नशीब की वाचवते. शेवटी भिंतीतलं सगळं सोडून कपाटाच्या मागून २३/७६ ची टू-कोअर (आत दोन तारांची) वायर नवीन ओढली, दहा फुटांना तेवढी पुरते. टोक सोलल्यावर तारा नीट पिळून घ्या, एक केसाएवढी तार बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला लागली की परत तेच टप्प. आणि एकाच स्पीकरचं लाल-काळं उलटं जोडलं तर बिघडत काही नाही पण माणूस मध्यभागी बोलत नाही, खोलीभर पसरून बोलतो आणि बास गायब होतो.

रात्री दहानंतर बेडरूम शांत झाली की मग दुसरा त्रास कळतो, स्पीकरमधून येणारी ती स्स्स. हॉलमध्ये पंख्याच्या आवाजात कुणाला कळणारही नाही. या चिपचा गेन, म्हणजे आलेला आवाज किती वाढवायचा तो आकडा, २० पासून ३६ डेसिबलपर्यंत ठेवता येतो आणि जेवढा जास्त तेवढी मागून येणारी खरखरही मोठी होते. डबा न उघडता उपाय सोपा आहे, टीव्हीचा आवाज वर ठेवायचा आणि अ‍ॅम्पचा खाली. टीव्ही ६० वर असताना सासूबाईंना बरोबर ऐकू येईल इथपर्यंत अ‍ॅम्पचा नॉब आणला (घड्याळात नऊ वाजतात तिथे) आणि त्याच्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. स्स्स कान लावला तरच येते. बास थोडा कमी, ट्रेबल किंचित वर, की ढोल मागे जातात आणि शब्द पुढे येतात. निळा एलईडी मात्र असा की खोलीत पोलीस व्हॅन उभी राहिल्यासारखी वाटायची, त्यावर टिकलीचा जाड काळा गोल चिकटवलाय.

अडॅप्टरबद्दल एकच. सोबतचा दोन पिनी होता आणि डब्याला हात लावला की झिणझिण यायची, म्हणून घरातला जुना १९ व्होल्टचा तीन पिनी लॅपटॉप अडॅप्टर लावला, झिणझिण बंद. पिनचा साइज आणि प्लस आतल्या बाजूला आहे ना, हे बघूनच लावा, आणि अ‍ॅम्पवर किती व्होल्टपर्यंत चालतं ते पण.

सगळं झालं, सासूबाई आता व्हॉल्यूमला हात लावत नाहीत, कुत्राही शांत आहे. मग मागच्या रविवारी सकाळी हाक आली, "अगं, रेडिओ बिघडला." त्यांचा छोटा रेडिओ अ‍ॅम्पच्या शेजारीच फळीवर असतो, आकाशवाणी पुणे, मीडियम वेव्ह, आणि बातम्यांच्या वर कुईंईं अशी शिट्टी. मी रेडिओ उचलून खिडकीत नेला, शिट्टी गेली. परत फळीवर, परत शिट्टी. मग डोक्यात प्रकाश पडला. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर, आणि ही चिप आत ४०० किलोहर्ट्झने चालू-बंद होत असते, तिची दुप्पट ८००. अगदी शेजारी! चिप बनवणाऱ्यांना हे माहीत आहे, फ्रीक्वेन्सी बदलायची सोय त्यांनी ठेवलीय, पण डबेवाले ती कुठे वापरत बसणार.

"पण आई, रोज नाही ना होत हे?"

"रोज कसं होईल, रात्री बटण बंद करते मी. काल तूच काहीतरी तपासत बसलीस आणि तसंच चालू ठेवून गेलीस."