कर्ज फिटल्याचा दिवस

२००४ मध्ये आम्ही धायरीत दोन खोल्यांचे घर घेतले, तेव्हा २० वर्षांच्या मुदतीने १० लाखांचे कर्ज काढले होते. शेवटचा हप्ता मे २०२४ मध्ये गेला. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत केली नाहीत, तर बँकेला दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आता झाला आहे. त्यामुळे करारनाम्यासाठी हेलपाटे पडले नाहीत. कागद देवापुढे ठेवले, हळदकुंकू वाहिले, शेजारी पेढे वाटले, आणि रात्रीची पाने वाढेपर्यंत आमचे बोलणे मुलीच्या शिक्षणासाठी काढाव्या लागणाऱ्या कर्जावर येऊन ठेपले. ज्या दिवसाची २० वर्षे वाट पाहिली, तो दुपारच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंतच पुरला.

त्या दिवसाकडे डोळे लावून बसता यावे म्हणून मी कपाटाच्या दाराला आतून परतफेडीचे कोष्टक चिकटवले होते. व्याजदर ९ टक्के कायम धरला, तर १० लाखांना महिन्याचा हप्ता साधारण ९,००० रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले ७,५०० रुपये नुसत्या व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम १,५०० रुपयांनी उतरते. या गतीने निम्मे मुद्दल फिटायलाच १४ वर्षे लागतात. शिवाय मध्येच दर वाढला की बँक बहुधा हप्ता तेवढाच ठेवून मुदत लांबवते, म्हणून बोनस आणि रजेचे पैसे आम्ही अधूनमधून कर्जात भरत राहिलो. असे कोष्टक रोज पाहणाऱ्या माणसाला आपले खरे जगणे अजून सुरू व्हायचे आहे, असे वाटू लागते. निदान मला तसे वाटत होते.

काही गोष्टी पुढे ढकलणे भागच होते आणि त्यांची मला खंत नाही. खंत आहे ती ज्यांना पैसा लागतच नव्हता, त्यांची. गॅलरीत मोगऱ्याची कुंडी ठेवायची होती, पण ‘ग्रिल बसले की मग’. मुलीला रविवारी सकाळी टेकडीवर न्यायचे होते, पण ‘जरा डोक्यावरचे ओझे उतरले की मग’. ग्रिल बसायला ११ वर्षे लागली, आणि टेकडीवर आईबरोबर जाण्याचे मुलीचे वय तेवढ्यात सरले.

अमेरिकेतील काही मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये लॉटरीची मोठी बक्षिसे लागलेल्या २२ जणांचा अभ्यास केला होता. ही माणसे इतरांहून विशेष सुखी नव्हती, आणि रोजच्या साध्या गोष्टींतला त्यांचा आनंद तर इतरांपेक्षा कमीच भरला. २२ माणसांवरून साऱ्या जगाचे काही ठरवू नये, हे मला मान्य आहे. पण माझ्या पेढ्यांच्या संध्याकाळीनंतर तो अभ्यास मला अगदी ओळखीचा वाटला.

आईची इच्छा फार वर्षांची होती. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीबरोबर पुण्याहून दिवे घाटमार्गे सासवडपर्यंत एकदा चालायचे, एवढीच. साधारण ३२ किलोमीटरची वाट, एका दिवसाची रजा. ती रजा मी दरवर्षी शिल्लक ठेवली, कारण तिचे पैसे कर्जात भरायचे होते.

२०२४ ची पालखी आली, तेव्हा माझ्याकडे रजा होती, पण आईचे गुडघे उरले नव्हते. मग आम्ही हडपसरला जाऊन थांबलो, जिथे दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात आणि तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे जाते. तिथे तिने चपला काढून माझ्या हातात दिल्या, एका दिंडीच्या कडेने चाळीस-पन्नास पावले चालली आणि परत येऊन दुकानापुढच्या स्टुलावर बसली. तिला धाप लागली होती, तरी ती इतकी खुशीत होती की ओळख ना देख, अशा दोघा-तिघांना तिने आपण चालून आल्याचे सांगितले. मी, तिच्या चपला काखेत धरून, परतीचा रस्ता कुठून मोकळा आहे हे मोबाइलवर शोधत होते.

तिने माझा पदर ओढला. “अगं, वर बघ, रथ आला.”